याकूतला न पोचलेला निरोप

कुवेतला माणसं नोकरीला जातात. फिरायला म्हणून तिकडे गेलेलं आमच्या ओळखीत तरी कोणी नाही. त्यामुळे यंदा जानेवारीच्या शेवटी मी पाच दिवस कुवेतला जाऊन आले म्हटल्यावर सोसायटीतल्या बायकांचा पहिला प्रश्न होता, "तिथे बघायला काय असतं हो?" मी म्हटलं, समुद्र आहे, वाळवंट आहे, मासळी उत्तम मिळते. ते सगळं खरं आहे आणि पुढे सांगतेच. पण मी गेले होते तीन जुनी पत्रं वाचायला. शिवाय एक गोष्ट सांगून टाकायची होती, जी नऊ वर्षं सांगितली नव्हती.

कुवेत मला नवीन नाही. माझे यजमान श्रीकांत मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर होते. सालमियातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तेरा वर्षं काढली. पुण्याला परत आल्यावर वेळ जाईना म्हणून मी मोडी शिकले, आणि आता लोक जुनी खरेदीखतं वगैरे घेऊन येतात ती वाचून देते. श्रीकांतना जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा अमेय सिंगापूरला असतो. रविवारी फोन करतो, सात-आठ मिनिटं.

डिसेंबरात मेधाचा फोन आला. मेधा सालमियातली माझी जुनी शेजारीण, मूळची नाशिकची, बँकेत आहे, बोलायला लागली की मध्ये श्वास घेत नाही. "वसुधाताई, तुम्ही मोडी वाचता ना? इथे एक कुवेती मुलगी मोडीतली पत्रं घेऊन सगळ्या मराठी लोकांना विचारत फिरतेय. प्रदर्शन करतेय मोठं. आणि गंमत ऐका, कोण असेल ती? तुमच्याकडे कामाला यायची ना, ती काळी मुनीरा? तीच! बघा, कुठच्या कुठे पोचली!"

मुनीरा आमच्याकडे कधीच कामाला नव्हती. मेधाला तसं सांगितलं होतं ते मीच. त्या फोनवरही मी दुरुस्ती केली नाही. "हो का," म्हटलं, आणि व्हिसाचं विचारलं.

बुधवार, सालमिया

पहिली फजिती मुंबईच्या विमानतळावरच झाली. मेधासाठी अनारसे नेत होते. रांगेत उभी असताना तिचा मेसेज आला, "अनारशांना खसखस नाही ना लावलीत? इथे अफूत धरतात, सरळ आत टाकतील." तेरा वर्षं तिथे राहून मी हेच विसरावं! मग बाकावर बसून चमच्याने एकेक अनारसा खरवडू लागले. शेजारी एक सरदारजी होते, बराच वेळ बघून म्हणाले, "बहनजी, खा ही लीजिए." निम्मे आम्ही दोघांनी तिथेच खाल्ले, बाकीचा चुरा कचऱ्याच्या डब्यात गेला.

जानेवारीतलं कुवेत न पाहिलेल्यांना पटत नाही, पण तिथे खरी थंडी पडते. शाल लागते. समुद्राकाठच्या रस्त्याने टॅक्सी जात होती आणि पाणी फिकट हिरवं, काचेच्या कडेसारखं दिसत होतं. आमची जुनी इमारत आता बाहेरून रंगवली आहे. बाल्कनीत कोणाचे तरी लहान मुलांचे कपडे वाळत होते.

मेधाने डाळ-वांगं केलं होतं. तिची सोळा वर्षांची ऋचा जेवताना म्हणाली, "आई, स्टॉप सेइंग दॅट. शी इज नॉट अ मेड. शी डिझाइन्स फॉर, लाइक, एव्हरीवन. आय फॉलो हर."

"आता आहे गं डिझायनर," मेधा म्हणाली, "तेव्हा वसुधाताईंच्या घरी होती. माणसानं वर यावं तर असं." आणि तिने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, जणू मीच त्या मुलीला वर आणलं होतं.

मी आणखी भात वाढून घेतला.

काय झालं होतं ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मुनीरा कुवेती आहे आणि काळी आहे. तिच्या घराण्यातल्या बायका शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत घालून आणल्या गेल्या, मोत्यांच्या व्यापाऱ्यांच्या घरी विकल्या गेल्या. पुढे सुटल्या, शिकल्या; मुनीराचे वडील शाळेत मुख्याध्यापक होते. अमेय चोवीस वर्षांचा असताना एका नाटकाच्या कामात त्यांची ओळख झाली. तो दिवे बघत होता, ती कपडे. वर्षभराने त्याने मला सांगितलं. मी म्हटलं, आण घरी.

ती आली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. अमेय तेव्हा नोकरीच्या कामाने दहा दिवस वाळवंटातल्या साइटवर होता, तिथे फोनही जवळ ठेवू देत नसत. पण त्याने तिला सांगून ठेवलं होतं की संक्रांतीला काळं नेसतात. तिने कुठूनशी काळी साडी मिळवली होती, बारीक लाल काठाची, चापूनचोपून नेसली होती. लवकर आली, आणि मी न सांगता तिळाच्या वड्यांचं ताट उचलून बायकांमध्ये फिरवायला लागली. घरात तीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. काळा रंग त्या दिवशी आम्ही मिरवत होतो.

मेधाने मला कोपराने ढोसलं. "कोण हो ही? नवीन बाई ठेवलीत?"

मी म्हटलं, "हो, मदतीला येते."

एवढंच. मग हळदीकुंकू लावत मी रांगेने निघाले, तर मुनीरा शेवटी, ऋचाच्या शेजारी, सतरंजीवर मांडी घालून बसलेली. तिने कपाळ किंचित पुढे केलं होतं. सगळ्या बघत होत्या. कामाच्या बाईलाही कुंकू लावतात, आमच्याकडे नेहमीच लावायचे. पण मी लावलं असतं तर ती माझ्याकडे बघून हसली असती, माझ्या होणाऱ्या सुनेसारखी, आणि ते सगळ्यांना दिसलं असतं. मी करंडा बंद केला. हिंदीत म्हणाले, "किचन में देखो ज़रा, दूध ऊपर आएगा."

ती उठली. दुधाखालचा गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने निघून गेली. अमेयने तिला मराठी शिकवलं होतं हे मला नंतर कळलं. "मदतीला येते" तिला समजलं होतं.

गुरुवार, अर्दिया

अर्दियाच्या वस्तीपलीकडे गोदामं आहेत. गॅरेजं, सुतारकामाची दुकानं, फर्निचरचे ट्रक. त्यातल्या एका गोदामात मुनीराचं काम चालतं. पत्ता शोधताना मी दोनदा चुकून एका टायरवाल्याकडे पोचले. शेवटी एका गाळ्यासमोर रंधा मारणाऱ्या माणसाला हिंदीत विचारलं, तर तो म्हणाला, "मराठीच ना तुम्ही? मग हिंदी कशाला बोलताव? या. म्याडम आत हायत."

हा महादेव, संगमेश्वरजवळच्या गावचा सुतार, बारा वर्षं कुवेतमध्ये एकटा राहतो. प्रदर्शनाचे सगळे चौथरे आणि काचेच्या पेट्या तो करत होता. मला चहा देऊन म्हणाला, "म्याडम कडक हायत बरं का. सुताएवढा तिरका गेला तरी परत करायला लावतात. पण जेवल्याबिगर सोडत नाहीत." आणि आत ओरडला, "म्याडम! आपकी वाचनेवाली आयी!"

मुनीरा बाहेर आली. केस बारीक कापलेले, डोळ्यांवर चष्मा, हाताला खडू. पूर्वी ती मला आंटी म्हणायची. आता हात पुढे करून इंग्रजीत म्हणाली, "वेलकम, मिसेस वसुधा." तिकडे असंच म्हणतात, नावाआधी मिसेस लावून, ऑफिसात किंवा बँकेत. मी वर्षानुवर्षं ते ऐकलं होतं. त्या दिवशी ते फार लांबून आलं.

"मी दुसरं कोणी शोधत होते," ती म्हणाली. "मिळालं नाही. म्हणून तुम्ही."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिने मला एक फोटो दाखवला. मुंबईतल्या स्टुडिओत काढलेला, रंगवलेल्या पडद्यापुढे दोन तरुण काळ्या मुली, बहिणी. थोरली याकूत, बसलेली, गळाबंद पोलकं, हातात कात्री. धाकटी मबरूका, उभी, कमरेला डफ टेकवून, ओठ मिटलेले पण हसू लपत नाही. मबरूका ही मुनीराच्या आजीची आई.

मुनीराने सांगितलं ते असं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कुवेतच्या मोत्यांच्या व्यापाऱ्यांची घरं मुंबईतही असत. हंगाम संपला की मोती विकायला शेठ कुटुंबासह मुंबईला जाई, सोबत नोकरमाणसं. या दोघी शेठच्याच घरात जन्मलेल्या. त्याने मरताना कागद करून त्यांना मोकळं केलं, पण खोली तीच राहिली आणि कामही तेच. फरक एवढाच की आता त्यांना काही हवंसं वाटायला लागलं. मबरूका बड्या घरच्या लग्नांत बायकांच्या बैठकीत गायची. तिच्यावाचून लग्नं अडायची म्हणे. याकूत त्याच बैठकीत मागे बसून कपडे बघायची आणि घरी येऊन तसेच बेतायची. मुंबईत तिला गिरगावातल्या एका शिवणाऱ्या बाईने हाताशी घेतलं आणि यंत्रावर बसवलं. दोन हंगामांत अशी वेळ आली की शेठाण्या विचारायच्या, हे त्या काळ्या मुलीच्या हातचं आहे ना?

"आणि मबरूका?" मी विचारलं.

पहिल्यांदाच मुनीराच्या आवाजात जरा मजा आली. "शेठच्या पुतण्याने तिला बांगड्या पाठवल्या. गुपचूप, दासीच्या हातून. तिने त्या भर लग्नात त्याच्या आईच्या मांडीवर ठेवल्या. म्हणाली, तुमच्या मुलाची वस्तू आमच्याकडे राहिली होती. मी हवी असेन तर दिवसा, पुढच्या दाराने, घरच्यांना घेऊन या म्हणावं."

"आला?"

"कुठला! मोती काढायच्या जहाजावर गाणारा एक होता, तो आईला घेऊन आला. भर दुपारी. तिने त्याच्याशी लग्न केलं आणि बैठकीत गाणं सोडणार नाही हे आधी कबूल करून घेतलं."

याकूतने मात्र लग्न केलं नाही. एका वर्षी कुटुंब मुंबईहून परतलं, शेठाणीची तब्येत बिघडली, पुढल्या वर्षी जाणं झालं नाही. याकूत मुंबईच्या पत्राची वाट बघत राहिली. पत्र आलं. ते तिला वाचता येईना. शेठाणी म्हणाली, मी मुनीमाकडून वाचून घेते. आणि वाचून घेतल्यावर सांगितलं, तुझ्या बाईने नवी मुलगी ठेवली आहे, तुला सलाम सांगितलाय. नंतर आलेली पत्रं याकूतने वाचूनसुद्धा घेतली नाहीत. मरेपर्यंत शेठच्या घरातच शिवत राहिली. "आमच्या घरात हीच गोष्ट आहे," मुनीरा म्हणाली. "मुंबईची बाई विसरली. माझं प्रदर्शनही तसंच मांडलंय."

तिने पहिलं पत्र माझ्यासमोर ठेवलं. मोडीचं अक्षर कारकुनी, गिचमीड पण सरावाचं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी आधी मनात वाचलं, मग मोठ्याने:

"चिरंजीव याकूत हीस भागीरथीबाईचे अनेक आशीर्वाद. तूं गेल्यापासून यंत्र झांकून ठेविलें आहे. त्यावर कोणास बसूं दिलें नाहीं. लग्नाचीं सहा पोलकीं तुझ्या हातचींच पाहिजेत असा निरोप आला, मीं सांगितलें मुलगी येईल. खिडकीपाशीं तुझी जागा केली आहे. दुकानाच्या पाटीवर माझ्या नांवाखालीं तुझें नांव घालावें असें मनांत आहे, तरी तें बालबोधींत कसें लिहावें तें विचारून कळविणें."

मी इंग्रजीत सांगत गेले. बाहेर महादेवचा रंधा चालू होता तो थांबला. तो दारात येऊन उभा होता, त्याला मूळ मराठीच समजलं होतं. "म्हणजे ती वाट बघत हुती की," तो म्हणाला.

मुनीराने चष्मा काढून पुसला. "मग शेठाणी..."

"हो," मी म्हटलं.

बाकी दोन पत्रं तिने त्या दिवशी वाचू दिली नाहीत. "उद्या खैरानला या. माझ्या काकांचं शॅले आहे तिथे. इथे माझं काम अडतं."

मला वाटलं, मला खैरानला बोलावलं म्हणजे जरा सैल पडली. तसं नव्हतं. तिला महादेवसमोर रडायचं नव्हतं.

शुक्रवार, खैरान

खैरान दक्षिणेला, सौदीच्या हद्दीजवळ. वाटेत दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि थंडीचे दिवस म्हणून त्यात ठिकठिकाणी तंबू. शहरात मोठाली घरं असलेली कुटुंबं हिवाळ्यात तंबू ठोकून राहतात, शेगडीभोवती बसतात, म्हातारे खुशीत असतात. आपण मे महिन्यात गावी जातो तसं. एका तंबूबाहेर तीन उंट आणि एक भली मोठी टीव्हीची डिश होती.

शॅले म्हणजे समुद्राकाठचं सुट्टीचं घर; हे साधंच, समुद्राच्या एका आत आलेल्या फाट्यावर. मुनीराने जेवायला जुबैदी केली होती. जुबैदी म्हणजे आपलं पापलेट. फक्त आपण ते तिखट-मीठ लावून तव्यावर घालतो, ते लोक अख्खं तळून मसाल्याच्या भातावर झोपवतात, वर तळलेला कांदा आणि बेदाणे. मी ब्राह्मणाची, पण मासे कुवेतनेच शिकवले. तिने वाढलं, मी जेवले. दोघी चांगल्या गृहिणींसारख्या माशाबद्दल बोललो.

मग दुसरं पत्र. "पत्राचें उत्तर नाहीं. मीं कांहीं बोललें असेन आणि तुला लागलें असेल तर म्हातारीचें बोलणें म्हणून सोडून देणें. यंत्र अद्याप तसेंच आहे."

आणि तिसरं, सगळ्यांत लहान. "यंत्रावर आतां दुसरी मुलगी बसते. हात बरा आहे, तुझ्यासारखा नाहीं. पाटी केली नाहीं. सुखी अस."

मुनीरा उठून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. म्हणाली, "शेठाणीने असं का केलं असेल? याकूतशी ती वाईट वागायची नाही. तिला आजारपणात याकूतच लागायची."

मला उत्तर येत होतं. एवढं नेमकं क्वचितच कोणाला येत असेल.

"मुनीरा," मी म्हटलं, "हळदीकुंकवानंतर दोन दिवसांनी तू आमच्या घरी फोन केला होतास."

ती वळली नाही.

"तू म्हणालीस, राग नाही. अमेय साइटवर आहे, त्याला निरोप द्या. वडील भेटायला तयार झालेत, गुरुवारी ते उपचाराला लंडनला जाणार, बुधवारी संध्याकाळी त्याला दिवाणियात पाठवा. मी म्हटलं, सांगते." दिवाणिया म्हणजे कुवेती घरातली पुरुषांच्या बैठकीची खोली. मुलीला मागणी घालायला जायचं तर तिथेच जातात. "अमेय मंगळवारीच परत आला. मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं ते उलटं. म्हटलं, मुनीरा येऊन गेली, तिला हे जमणार नाही म्हणाली, तिच्या घरी दुसरं ठरतंय, तिला फोन करू नकोस असं तिनेच सांगितलंय. तो दोन दिवस जेवला नाही. तरी मी सांगितलं नाही."

फाट्यातून कोणाची तरी मोटारबोट आवाज करत गेली.

"त्याचे मेसेज आले होते," मुनीरा म्हणाली. "गुरुवारी. मी वाचायच्या आधीच त्याला ब्लॉक केलं. कारण बाबा चार तास बसले होते. काकांना बोलावलं होतं. कॉफी तीनदा नवी केली. शेवटी बाबा आत आले आणि मलाच म्हणाले, रस्त्यात गर्दी असेल." ती आता माझ्याकडे बघत होती. "लंडनहून ते परत आले नाहीत. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं.

"का केलंत?"

लोकांना सांगायला माझ्याकडे एक उत्तर नऊ वर्षं तयार होतं: धर्म. ते अगदी खोटंही नव्हतं. अडचण खरी होती, आणि हे उत्तर ऐकून सगळे मान डोलावतात. हे लग्न का नको, ते श्रीकांतनाही मी तसंच सांगितलं होतं. ते ओठांवर आलं.

"तुझा रंग," मी म्हटलं. "नातवंडं कशी दिसतील, ते मनात आलं. पुण्याच्या लग्नात तुला शेजारी घेऊन उभं राहायचं, तेही. धर्माचं मी नंतर शोधलं."

तिने मान हलवली. "हे मला माहीत होतं. तुम्ही म्हणता का, ते बघायचं होतं."

मग मी माफी मागितली. ती कशी मागितली ते लिहीत नाही, नीट मागता आली नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ती माझ्याकडे नाहीये, मिसेस वसुधा. असती तर दिली असती, मला ठेवून काय करायची आहे? तुम्ही मला सांगितलंत, त्याने तुमचं काम निम्मंच झालं. उरलेल्यांना सांगा." आणि भांडी उचलायला लागली. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बसा. तुम्ही पाहुण्या आहात."

शनिवार, शर्क

प्रदर्शन शर्कमधल्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात होतं. जाड भिंती, मधलं अंगण, दारांवर पितळी फुलं. मुनीराने रात्रीतून मांडणी बदलली होती. आधी शेवटच्या खोलीत "मुंबई विसरली" असा फलक होता, तो काढून तिथे महादेवने केलेली रिकामी पाटी टांगली होती. सागाची, गुळगुळीत. खाली फक्त पत्रं. त्याच्या अलीकडच्या खोलीत मबरूकाचा डफ. मधल्या खोल्यांत याकूतने शिवलेली पोलकी, झगे, जरीच्या कडा. एका पोलक्याच्या आतल्या शिवणीत तिने लाल धाग्याने स्वतःची छोटी खूण घातली होती, बाहेरून न दिसणारी.

कुवेती बायका बऱ्याच आल्या होत्या, त्यांत काही त्याच व्यापारी घराण्यांच्या. एक वयस्क बाई एका झग्यापुढे उभी राहून हळूच म्हणाली की हा तिच्या आजीचा आहे. मेधा आमच्या जुन्या मराठी गटातल्या सहाजणींना घेऊन आली होती. मी मराठीत पत्रं वाचायची आणि मुनीराने अरबीत, असं ठरलं होतं.

सुरुवात व्हायच्या आधी मेधा मुनीराजवळ गेली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून मोठ्याने म्हणाली, "हमको इतना प्राउड है! वसुधाताई के यहाँ काम करती थी, तब से देखा है तुमको. मेहनत का फल!"

मेधा मनापासून बोलत होती. मुनीराने हात सोडवून घेतला नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी कागद घेऊन पुढे गेले. म्हटलं, "पत्रं वाचायच्या आधी एक सांगते. मराठीत सांगते, कारण ते मराठीत झालं होतं. मुनीरा माझ्याकडे कधीही कामाला नव्हती. माझा मुलगा तिच्याशी लग्न करणार होता. ती माझ्या घरी हळदीकुंकवाला आली, आणि तिच्या रंगाची मला लाज वाटली म्हणून मेधाला मी सांगितलं की ही मदतीला येते. ते खोटं होतं. नंतर तिच्या वडिलांचा निरोपही मी दाबून ठेवला. माझ्या मुलाला आजही ते माहीत नाही."

आमच्या सहाजणी माझ्याकडे बघेनात. एकीने पदर सारखा केला. कुवेती बायकांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं पत्र सुरू झालं, त्या शांतपणे ऐकत होत्या. मुनीराने याचं अरबी केलं नाही. ती म्हणाली, "पहिलं पत्र." मी वाचलं. "चिरंजीव याकूत हीस" म्हणताना मेधाने तोंडाला रुमाल लावलेला दिसला.

परत येताना मेधा गाडी चालवत होती. तीन सिग्नल ती काही बोलली नाही, आणि मेधा बोलत नाही ही गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाली, "ताई, मी नऊ वर्षं हे सगळ्यांना सांगत होते. बँकेत, शाळेत, पार्ट्यांत. ऋचालासुद्धा. कौतुकाने सांगत होते हो. माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही."

"हो," मी म्हटलं.

"आत्ता मला ओशाळं वाटलं, त्याचं काही नाही. पण तिला दरवेळी काय वाटलं असेल?" आम्ही घरी पोचलो. ऋचाने दार उघडलं, आईचा चेहरा बघून म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड?" मेधा म्हणाली, "बस. मला तुला काहीतरी सांगायचंय."

रविवार, विमानतळ

दुपारी तीनचं विमान. मुनीरा येणार नव्हती, आली नाही. तिचा मेसेज होता: तिन्ही पत्रांचं भाषांतर टाइप करून पाठवावं, आभार. महादेवने मात्र मेधाच्या घरी खजुराचा डबा पोचवला होता. आत कागदावर लिहिलं होतं, म्याडमकडून नाही, माझ्याकडून.

मी लवकर जाऊन बसले. रविवार होता, अमेयचा फोन यायचाच होता. पहिली दहा मिनिटं मी ठरवत होते की तो पुण्याला आला की सांगू, नीट, समोर बसवून. मग लक्षात आलं की हीच ती माझी जुनी पद्धत. बाराच्या सुमाराला फोन आला.

"कुठे आहेस? आवाज कसला?"

"कुवेतला."

तो थांबला. मी सांगितलं. हळदीकुंकू, फोन, दिवाणिया, चार तास, लंडन. त्याला काय सांगितलं होतं आणि मुळात काय होतं, दोन्ही शेजारी ठेवून. कारणही सांगितलं, खैरानला सांगितलं तेच. मधे दोनदा वाटलं फोन कटला. कटला नव्हता.

"मी चाळीस मेसेज केले होते तिला," तो शेवटी म्हणाला. "चाळीस, आई."

"हो."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. फक्त मला."

समोर काचेपलीकडे एक विमान मागे ढकलत नेत होते. एक बाई बाळाला कडेवर घेऊन ते दाखवत होती.

"ती कशी आहे?"

"बरी आहे. चांगलं काम करते. चष्मा लागलाय."

मग अगदी हळू, चोवीस वर्षांचा होता तेव्हा बोलायचा तशा आवाजात त्याने विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारलं तिने?"

तीन दिवस मी तिच्यासमोर बसले होते. त्याचं लग्न झालं का, तो कुठे असतो, एकही प्रश्न तिने विचारला नव्हता. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. त्याला बरं वाटलं असतं. त्याच्याहून मला.

"नाही रे," मी म्हटलं. "नाही विचारलं."